शेपटीचा 'ऑन'

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या टीममधल्या एका मुलाने (नाव कशाला, आपण त्याला परभणीकर म्हणू) क्लायंटसाठी एका ओळीची मेल लिहिली. 'वुई नीड अ सर्व्हर टू टेस्ट ऑन.' आमच्याकडे मेल बाहेर जायच्या आधी लीडच्या नजरेखालून जाते. लीडने शेवटचा 'ऑन' उडवला आणि शेजारी शेरा मारला, वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येत नाही, एवढं बेसिक तरी यायला हवं. मेल गेली: 'वुई नीड अ सर्व्हर टू टेस्ट.' दोन दिवसांनी तिकडून उत्तर. आमचे सर्व्हर आमची माणसं टेस्ट करतात, तुम्हाला कुठला टेस्ट करायचाय आणि कशासाठी?

झालं. दोन दिवस पाण्यात, त्यावर एक कॉल, कॉलवर सारवासारव. आणि अप्रेझलच्या फॉर्मात परभणीकराच्या नावापुढे काय आलं? 'कम्युनिकेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट'. लीडच्या नावापुढे नाही, बरं का. परभणीकराच्या.

मी त्या कॉलवर होतो आणि गप्प बसलो. ते डोक्यातून जात नाही म्हणून हा शनिवार कारणी लावतोय.

आधी परभणीकराने काय कमावलं होतं ते बघू. आपण मराठीत म्हणतो, लिहायला पेन दे. लिहायला कागद दे. लिहायला विषय दे. तिन्हीकडे 'लिहायला' तेच. पेनाने लिहितात, कागदावर लिहितात, विषयाबद्दल लिहितात, हे ऐकणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यायचं. 'ने', 'वर', 'बद्दल' यातलं काही बोलावं लागत नाही. बोलायला माणूस नाही, राहायला घर नाही, बसायला खुर्ची नाही. आपलं काही अडत नाही.

इंग्रजीचं अडतं. तिथे 'पेन टू राइट विथ', 'पेपर टू राइट ऑन', 'टॉपिक टू राइट अबाउट'. ही शेवटची टिकली सांगते की त्या वस्तूचं त्या क्रियेशी नातं काय. ती काढली की वस्तू थेट क्रियेचं कर्म होऊन बसते. 'सर्व्हर टू टेस्ट ऑन' म्हणजे ज्यावर टेस्टिंग करायचं तो सर्व्हर. 'सर्व्हर टू टेस्ट' म्हणजे ज्याचंच टेस्टिंग करायचं तो. क्लायंटने अगदी बरोबर वाचलं हो, चूक इकडून गेली होती.

मराठी कानाला हा 'ऑन' गेलेला कळतच नाही, कारण आपल्या वाक्यात तो मुळात नसतो. म्हणून 'गिव्ह मी अ चेअर टू सिट' असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हा शेवटचा शब्द मुद्दाम, चुका करत, हसू करून घेत शिकावा लागतो. परभणीकर शिकला होता! आणि ज्यांना तो आयता मिळाला, त्यांनी तो खोडला. कुठल्या नियमाने?

तर त्या नियमाचं कूळ असं. १६७२ साली जॉन ड्रायडन या इंग्रज कवीने बेन जॉन्सनच्या लिखाणातल्या चुका काढल्या. जॉन्सन वारून तेव्हा ३५ वर्षं झाली होती, म्हणजे उलट उत्तर यायची भीती नाही. त्यात वाक्याच्या शेवटी येणारं प्रीपोझिशन हा एक दोष मोजला, आणि हा दोष आपल्याही लिखाणात सापडतो अशी कबुलीही दिली. पुढे १६८४ मध्ये स्वतःच्या जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढताना त्याने तशी वाक्यं फिरवून घेतली. मग १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यांनी व्याकरण लिहिलं (हे पुढे लंडनचे बिशप झाले). पण लाउथनी बंदी घातलेलीच नाही. बोलण्यात आणि घरगुती लिखाणात हे चालतं, भारदस्त लिखाणात प्रीपोझिशन आधी घेतलेलं जास्त शोभतं, एवढंच त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे इंग्रजीचा कल या रचनेकडे आहे हे सांगणारं त्यांचं वाक्यही प्रीपोझिशननेच संपवलेलं होतं.

शोभतं याचं 'चालत नाही' केलं ते नंतरच्या मास्तर लोकांनी. फाउलरने १९२६ मध्ये या नियमाला सरळ अंधश्रद्धा म्हटलं. २०२४ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशवाल्यांनी इन्स्टाग्रामवर पुन्हा एकदा सांगितलं की असं वाक्य संपवायला हरकत नाही, तर लोक भांडायला धावले. भूत काही उतरत नाही!

कोणी म्हणेल, बाबा रे, फॉर्मल लिहायचं तर 'अ सर्व्हर ऑन विच टू टेस्ट' लिहावं. मान्य. शुद्ध आहे, करारात वगैरे शोभेल. पण मग पूर्ण बिऱ्हाड हलवावं लागतं. 'ऑन' पुढे आणायचा, त्याच्या जोडीला 'विच' आणायचा आणि मागची जागा रिकामी करायची. यातलं अर्धंच करून चालत नाही. 'अ सर्व्हर विच टू टेस्ट ऑन' हे कोणाचंच इंग्रजी नाही. 'ऑन विच टू टेस्ट ऑन' असं दोन्ही हातांनी वाढलेलं मी डिझाइन डॉक्युमेंटमध्ये पाहिलंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नुसता शब्द उडवून मोकळं होणं, जे आमच्याकडे झालं.

काही ठिकाणी उडवलेला खपतो, हे खरं. 'अ प्लेस टू लिव्ह' चालतं. 'प्लेस', 'टाइम', 'वे' अशा मोजक्या शब्दांना ही सवलत आहे. पण 'प्लेस'च्या जागी 'हाउस' आलं की 'टू लिव्ह इन' लागतंच. याचं लॉजिक मला विचारू नका, सवयीचा मामला आहे.

आणि काही ठिकाणी तर नियम पाळायची सोयच नाही. 'ही इज डिफिकल्ट टू वर्क विथ.' आता यातला 'विथ' पुढे नेऊन दाखवा. 'ही इज विथ हूम डिफिकल्ट टू वर्क'? कोण बोलतं असं? 'शी इज ईझी टू टॉक टू', 'द इश्यू इज बीइंग लुक्ड इंटू'. हे शेवटचं तर आमचा लीड स्वतः दिवसातून चार वेळा लिहितो. त्याला लाल रंग लागलेला मी पाहिला नाही.

म्हणजे नियम इंग्रजीचा नव्हताच. कोणाचं इंग्रजी तपासायचं आणि कोणाचं वाचून पुढे जायचं, हे आधीच ठरलेलं असतं. आडनाव, उच्चार, 'व्हेअर डिड यू डू युअर स्कूलिंग' हा चहाच्या मशीनपाशी सहज विचारलेला प्रश्न. कॉन्व्हेंटवाल्याने शेवटी 'ऑन' लिहिला तर ती स्टाइल. परभणीकराने लिहिला तर चूक, आणि त्या चुकीचे पैसे पगारातून कापले जातात. हो, पैसे. आमच्याकडे त्या रेटिंगवर व्हेरिएबल पे ठरतो.

परवा त्याने नवीन मेल मला दाखवायला आणली. 'वुई नीड सम डेटा टू वर्क.' मी म्हटलं, अरे, 'विथ' कुठे गेला? म्हणाला, "दादा, शेवटी नसतो ना."

असो. परभणीकराच्या फॉर्मवर सहकाऱ्यांनी अभिप्राय द्यायची मुदत सोमवारी संध्याकाळपर्यंत आहे. माझा सगळा मजकूर अजून व्हायचाय, पण पहिलं वाक्य तयार आहे: 'ही इज ईझी टू वर्क विथ.' तो फॉर्मही लीडच्याच हातातून पुढे जातो.