भिंतीत एक पाइप नेटसाठीही हवा

घरात नेट मंदावलं की पहिला उपाय सुचतो तो मोठ्या प्लॅनचा. शंभर एमबीपीएसचे दोनशे होतात, बिल वाढतं आणि आतल्या खोलीतल्या संगणकावरची ऑनलाइन मीटिंग पूर्वीसारखीच अडखळत राहते. प्लॅन वाढला की राउटरपर्यंत येणारा वेग वाढतो. राउटरपासून टेबलापर्यंतच्या वाटेत काहीच सुधारत नाही. याची खात्री कुणालाही करून घेता येईल. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून स्पीड टेस्ट घ्यावी, मग तीच टेस्ट नेहमीच्या जागी बसून वायफायवर घ्यावी. केबलवर वेग पुरा आणि वायफायवर तोकडा असेल, तर दुखणं घरातच आहे. केबलवरही वेग मिळत नसेल, तर मात्र कंपनीला जाब विचारावा.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये राउटरची जागा घराची गरज पाहून ठरतच नाही. फायबर दारावरून आत येते, म्हणून राउटर दाराजवळ किंवा टीव्हीमागे बसतो आणि अभ्यासाचं टेबल घराच्या दुसऱ्या टोकाला राहतं. मोकळ्या मैदानातही अंतर दुप्पट झालं की लहरींची शक्ती एक चतुर्थांशावर येते. इथे तर वाटेत सळयांचं काँक्रीट, लोखंडी कपाट आणि आरसेही असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी तिथेच होते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान. भारतात त्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. पण काँक्रीटपुढे त्याचा जोर लवकर संपतो. डेस्कटॉपची अडचण आणखी वेगळी. त्याची पत्र्याची पेटी टेबलाखाली असते आणि अँटेना तिच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. यूएसबीचा छोटा वायफाय रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी खोचलेला असेल, तर त्या डिस्कचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्येच पसरतो. रिसीव्हर एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणला तरी फरक पडतो. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवला तर त्याहून जास्त.

तरीही माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. जे उपकरण जागचं हलत नाही, ते वायफायवर असूच नये. एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं, बाकीचे थांबतात. रेंज कमी असलेला संगणक तेवढाच डेटा घ्यायला जास्त वेळ घेतो आणि त्याच्या संथपणाची किंमत घरातले सगळे फोन मोजतात. त्याला केबल दिली की त्याचं काम होतंच, शिवाय हवेतली जागाही मोकळी होते. कॅट ६ केबल शंभर मीटरपर्यंत एक गिगाबिट सहज नेते. कुठल्याही फ्लॅटला ते पुरून उरतं. यावर रिपीटरचा पर्याय सुचवला जातो. पण साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, त्यामुळे वेग सुमारे निम्मा होतो. मेश, म्हणजे घरभर ठेवलेल्या छोट्या राउटरांचं जाळं, त्याहून चांगली, आणि तिचे डबे एकमेकांना केबलने जोडले तर उत्तमच; म्हणजे फिरून केबलच. भाड्याच्या घरात भिंत कोण फोडणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे फरशीलगत केसिंग पट्टीतून केबल नेता येते. जोडणीच्या वेळीच आग्रह धरला, तर बारीक फायबर मधल्या खोलीपर्यंत आणता येते आणि पुढची निम्मी कटकट तिथेच मिटते.

खरी चूक त्याआधी, बांधकामातच झालेली असते. बिल्डर एसीचे पाइप, टीव्हीचे पॉइंट, इंटरकॉम सगळं भिंतीत घालतो, पण लॅनसाठी रिकामा पाइपसुद्धा अनेकदा ठेवत नाही. इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणले. पाऊल योग्यच आहे. मात्र इमारतीपर्यंत फायबर आली की काम संपलं, असं कुणी समजू नये. प्रश्न खोलीपर्यंतचा आहे. मुंबई-पुण्यात पुनर्विकासाच्या बैठकांत सभासद चटई क्षेत्र, पार्किंग आणि कॉर्पस यांवर महिनोन्‌महिने घासाघीस करतात. त्याच करारात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: घराच्या मध्यभागी राउटरसाठी वीजजोडणीसह कोनाडा आणि तिथून प्रत्येक खोलीत जाणारा पाइप. प्लास्टरआधी हे काम वायरिंगच्या खर्चात किरकोळ भर घालून होतं. नंतर त्यासाठी भिंत फोडावी लागते, आणि तो खर्च बिल्डर देत नाही.