‘तान’ कीं ‘कान’?

एकत्र कुटुंबांत वाढणाऱ्या मुलास बोलावयास पुष्कळ माणसें मिळतात, हें त्याचें भाग्यच होय. परंतु त्या भाग्यांतच एक धोका असतो, हें आमच्या ध्यानीं यावयास आमचा नातू साडेचार वर्षांचा व्हावा लागला. हकीकत आम्हांस भूषणावह नाहीं. तरी इतरांच्या उपयोगीं पडेल म्हणून ती येथें सांगत आहों.

हा मुलगा कवर्गाच्या जागीं तवर्ग बोले. काकू ती ‘तातू’, गाय ती ‘दाय’. घरांत बारा माणसें. सर्वांस त्याची भाषा कळे. इतकेंच नव्हे, तर मोठीं माणसेंहि कौतुकानें ‘तातू’ म्हणूं लागलीं. कोणीं शंका काढलीच तर “त्याचा काका तरी पांच वर्षांपर्यंत कोठें नीट बोलत होता?” हें उत्तर ठरलेलें. वडील बायकांनीं वेखंड उगाळून जिभेस लावून पाहिलें.

आणि आम्हीं काय केलें? कवर्ग कंठ्य, तवर्ग दंत्य, हें आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंतील मुलांकडून घोकून घेतलेलें! सायंकाळीं परवचा झाला कीं आम्ही नातवास समोर बसवून दहा वेळां ‘क’ म्हणावयास लावूं. थोड्याच दिवसांत त्यानें ‘क’चे शब्दच टाकले, हवें तें बोटानें दाखवूं लागला. आम्हीं त्यास हट्टी ठरविलें.

एके दिवशीं बालवाडींत तो रडूं लागला. “तान दुथतो” असें पुनःपुन्हां सांगे. बाईंस वाटलें, मुलास तहान लागली. त्यांनीं पाण्याचा पेला पुढें केला. त्यानें तो लोटला, म्हणून त्यास बाजूस बसविण्यांत आलें. घरीं आल्यावर तो कानावर हात दाबून आईच्या मांडीवर निजला, तेव्हां उलगडा झाला. मुलगा सकाळपासून “कान दुखतो” असेंच सांगत होता. बाईंकडे दोष नाहीं. परक्या माणसास त्याचें बोलणें कळतें कीं नाहीं, हें आम्हींच कधीं पाहिलें नव्हतें.

कानाच्या डॉक्टरांनीं औषध दिलें व पुढें श्रवणचाचणी करविली. मध्यकर्णांत द्रव सांचल्यामुळें त्यास आवाज दबका ऐकूं येत होता. बोबडेपणाचें तेंच एक कारण, असें डॉक्टर म्हणाले नाहींत. परंतु बोलण्यांत अडचण असलेल्या प्रत्येक मुलाचे कान आधीं तपासावे, असें त्यांनीं बजाविलें.

स्थूलमानानें, वर्षाच्या सुमारास पहिला सार्थ शब्द यावा. दोन वर्षांस मुलानें दोन शब्द जोडावे. तीन वर्षांस परक्यासहि त्याचें बरेंचसें बोलणें समजावें, आणि चार वर्षांस बहुतेक सर्व. ‘र’ उशिरां येतो. त्याची घाई नको. परंतु ‘क’चा ‘त’ होणें साडेतीन वर्षांच्या सुमारास बहुधा आपोआप थांबतें. कांहीं मुलें उशिरां बोलूनहि सुधारतात हें खरें. पण आपलें मूल त्यांपैकीं आहे कीं नाहीं, हें तपासल्यावांचून कसें कळावें?

वाचोपचार करणाऱ्या बाईंनीं आमचें घोकविणें पहिल्याच दिवशीं बंद केलें. त्यांनीं एक कारेचें व एक तारेचें अशीं दोन चित्रें मांडलीं. मुलास हवी असे कार. तो म्हणे “तार”, आणि हातीं तारेचें चित्र येई! वर्ण बदलला कीं अर्थ बदलतो, हें त्यास अशा रीतीनें खेळतां खेळतां उमगलें. पुढें सुटा वर्ण, मग शब्द, मग वाक्य, असा क्रम चालला. घरच्यांस नियम सांगितले ते असे: मुलाचे बोबडे शब्द आपण वापरूं नयेत, पाहुण्यांपुढें त्यास बोलून दाखवावयास लावूं नये, “दाय आली” म्हणाला तर टोकूं नये, “होय, गाय आली” एवढेंच सहज म्हणावें. अशा तपासणीसाठीं मुंबईस वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग संस्था आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था तर १९६५ सालची.

या गोष्टीस आतां दहा महिने झाले. सुटा शब्द स्वच्छ येतो. घाईंत किंवा रागांत ‘त’ अजून डोकावतो. परवां माजघरांतून “काकू!” अशी हांक आली, तेव्हां पोळ्या लाटणारी आमची धाकटी सून क्षणभर थांबली. “तातू गोड वाटायचं हो,” ती म्हणाली. आम्हांसहि वाटे. परंतु त्या गोडीची किंमत मुलास बालवाडींत द्यावी लागली.

ज्यांच्या घरीं तीनचार वर्षांचें मूल असेल, त्यांनीं एकदां त्यास परक्या माणसाशीं बोलूं द्यावें, आणि आपण मध्यें पडून अर्थ सांगूं नये, एवढीच आमची विनंति आहे.