नातीसाठी एक, लेकासाठी एक

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी दोन याद्या होतात. एक वाणसामानाची. ती आमच्या हिच्याकडे असते आणि तीत ढवळाढवळ करण्याची माझी प्राज्ञा नाही. दुसरी पुस्तकांची; ती माझ्याकडे. पाडव्याला घरातल्या प्रत्येक माणसाच्या हाती एक पुस्तक ठेवायचे, हा आमच्या वडिलांपासूनचा रिवाज. वडिलांचे काम सोपे होते. ते अप्पा बळवंत चौकात जात, दुकानदार देईल ती चार-पाच पुस्तके पिशवीत घालून आणत, आणि आम्ही ती निमूटपणे वाचत असू. कारण घरात दुसरे वाचायला काही नसे.

माझे तसे नाही. हिचे आणि सूनबाईंचे भागते. त्या आपापली पुस्तके आधीच सांगून ठेवतात. पण उरलेली दोन टोके मोठी कठीण. एक टोक म्हणजे आमची नात इरा, वय वर्षे सहा. दुसरे टोक म्हणजे तिचे तीर्थरूप आणि आमचे चिरंजीव, वय वर्षे बेचाळीस, मुक्काम हिंजवडी, धंदा संगणकाचा. इरा काय हवे ते सांगते, पण रोज वेगळे सांगते. चिरंजीव "कशाला उगीच, बाबा" यापलीकडे काही सांगत नाहीत. आणि माझा उभा जन्म तारखात्यात गेलेला! संगणकाच्या पुस्तकातले मला काय कळणार?

पहिली फजिती झाली ती २०२१ साली. जेवताना चिरंजिवांच्या तोंडी 'पायथन' हा शब्द वरचेवर येई. ही संगणकाला हुकूम सोडण्याची एक भाषा. तिच्या नावाचा सापाशी संबंध नाही, एका विलायती विनोदी नटमंडळीच्या नावावरून ते घेतले आहे, हे मला मागाहून कळले. एका दुकानात त्या भाषेवरचा नऊशे पानांचा ठोकळा दिसला, तोही निम्म्या किमतीत. निम्म्या किमतीत का, हे विचारायला हवे होते. पण स्वस्त पुस्तक आणि फुकटचा सल्ला यांना नाही म्हणणे मला जमत नाही. घरी आल्यावर उलगडा झाला. त्या भाषेची दुसरी पिढी १ जानेवारी २०२० रोजी रीतसर निवृत्त झाली होती, आणि पुस्तक होते त्याच पिढीचे. नव्या पिढीत पडद्यावर एखादे वाक्य उमटवायचे तर ते कंसात घालावे लागते, जुनीत लागत नसे. म्हणजे पुस्तकातला पहिलाच धडा यंत्राला नामंजूर! चिरंजीव हसले आणि त्यांनी तो ठोकळा ठेवून घेतला. आज तो त्यांच्या संगणकाच्या पडद्याखाली आहे. पडदा बरोबर डोळ्यांच्या उंचीला येतो म्हणतात.

ही फजिती हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही.

२०२३ च्या त्या पावसाळ्यात चिरंजिवांच्या कचेरीत माणसे कमी केली. त्यांच्या हाताखालची दोघे गेली, हे राहिले. पण राहिलेल्या माणसाचा चेहराही गेलेल्यासारखाच झाला होता. रात्री उशिरा यावे, ताटाशी गप्प बसावे, उठून जावे. वर्तमानपत्रांतून तर रोज कृत्रिम बुद्धिमत्तेचे ढोल वाजत होते. मी घाबरलो. आणि घाबरून मी एक पुस्तक विकत घेतले. तीस दिवसांत कृत्रिम बुद्धिमत्तेत पारंगत करण्याची हमी त्याच्या वेष्टनावरच दिलेली होती.

त्याच फेरीत इरासाठीही खरेदी केली. ती तेव्हा चार वर्षांची. इंग्रजी शाळेत नुकती जाऊ लागली होती आणि घरात "आय डोन्ट वाँट" म्हणू लागली होती. तिचे मराठी जाणार, संस्कार जाणार, या काळजीने मी गुळगुळीत कागदाचे, भरपूर रंगीत, बोधकथांचे एक जाड पुस्तक घेतले. प्रत्येक गोष्टीखाली चौकट, चौकटीत तात्पर्य.

पाडव्याला दोन्ही पुस्तके दिली. इराने दोन गोष्टी ऐकल्या आणि विचारले, "आजोबा, ह्यात सगळ्यांना शेवटी ओरडतात का?" तिसरी गोष्ट काही तिने ऐकली नाही. चिरंजीव पुस्तकाच्या नावाकडे क्षणभर पाहत राहिले. "चांगलं आहे, बाबा," म्हणाले आणि आत गेले.

रात्री मी पाणी प्यायला उठलो. त्यांच्या खोलीचे दार अर्धवट उघडे होते. चिरंजीव सूनबाईंना सांगत होते, "बाबांनासुद्धा वाटतंय की मी मागे पडलो."

मी तांब्या तसाच खाली ठेवला आणि परत आलो. झोप कुठली लागायला! वाटत होते, दार ढकलावे आणि सांगावे की तसे नाही रे. पण तसेच होते. ते पुस्तक मी त्याच्यासाठी घेतलेच नव्हते, माझ्या धास्तीसाठी घेतले होते. इराचेही तसेच. दोघांच्या हातात मी पुस्तके म्हणून माझ्या काळज्याच ठेवल्या होत्या, वर चमकीचा कागद लावून.

दिवाळी सरल्यावर एका दुपारी मी एक उद्योग केला. घरातली सगळी पुस्तके काढून, झिजलेली कोणती ते पाहिले. घेतलेली पुष्कळ होती, वाचलेली बरी होती, पण झिजलेली फार थोडी. इराच्या फळीवर झिजलेली होती ती सूनबाईंनी आणलेली, ज्योत्स्ना प्रकाशनाच्या 'राधाचं घर' या मालेतली. माधुरी पुरंदरे यांनीच लिहिलेली आणि चित्रेही त्यांचीच. त्यांत राजा नाही, राक्षस नाही. एका लहान मुलीच्या घरातली माणसे आहेत, बस्स. पाने सुटून दोनदा चिकटवलेली.

चिरंजिवांच्या कपाटात पाठीला चिकटपट्टी लावलेले एकच पुस्तक निघाले. 'सी' नावाच्या भाषेवरचे, ब्रायन कर्निहान आणि डेनिस रिची यांचे. भाषा घडवली ती रिचींनी. पुस्तक पहिल्यांदा निघाले १९७८ साली. चिरंजिवांची प्रत १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीची, कॉलेजातली. पाने किती, तर २७२! माझ्या नऊशे पानांच्या ठोकळ्याला ते दरवाज्याआडून हसत असले पाहिजे.

तेव्हापासून मी खरेदीची रीत बदलली. वाचकांपैकी ज्यांना ही अडचण असेल त्यांच्यासाठी सांगतो; पटले तर घ्यावे.

मुलांचे पुस्तक मी आता दुकानात उभ्या उभ्या, हळू का होईना, मोठ्याने वाचून पाहतो. दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहतात. पाहोत! लहान मुलाचे पुस्तक वाचणारा बहुधा मोठा माणूस असतो, आणि तेच पुस्तक त्याला सलग वीस रात्री वाचावे लागते. दुसऱ्या खेपेला ज्याचा आपल्यालाच कंटाळा येईल ते घरी नेऊ नये. चित्राने शब्दांपलीकडचे काही सांगितले पाहिजे. मजकुरात 'कुत्रा धावला' आणि चित्रात नुसता धावणारा कुत्रा, तर मुलाने शोधायचे काय? अगदी तान्ह्यांना जाड पुठ्ठ्याची पाने हवीत, कारण ती पुस्तक आधी चावून पाहतात आणि मग वाचतात. एरिक कार्ल यांच्या १९६९ सालच्या सुरवंटाच्या पुस्तकात सुरवंटाने खाल्लेली भोके पानापानाला खरोखरच पाडलेली आहेत. मुलाचे बोट त्या भोकात गेले की काम झाले.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांची अडचण निराळी. इराला ऐकून समजणारे मराठी सहा वर्षांचे आहे, आणि वाचता येणारे मराठी जेमतेम चार वर्षांचे. 'प्रत्यक्ष' किंवा 'दुष्कृत्य' असला शब्द आला की तिची गाडी रुळावरून घसरते. म्हणून मी दोन वेगळी पुस्तके घेतो. एक मी वाचायचे, त्यात भाषा कितीही भरघोस असो. एक तिने वाचायचे, त्यात जोडाक्षरे बेताची. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर पुष्कळ गोष्टी मराठीतही आहेत, फुकट आहेत आणि वाचनाच्या चार पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत. सूनबाई त्या छापून आणतात. छापील पान बरे. ते उशीखाली ठेवता येते.

आणि कधी कधी मूल आपले पुस्तक आपणच निवडते. गेल्या पावसाळ्यात इरा बापाच्या कपाटातून हजारावर पानांचे एक धूड ओढीत घेऊन आली. "आजोबा, गेंड्याची गोष्ट वाच." ओरायली नावाचे अमेरिकन प्रकाशक संगणकाच्या पुस्तकांवर जुन्या धाटणीची प्राण्यांची चित्रे छापतात, या 'जावास्क्रिप्ट'च्या पुस्तकावर जावा बेटातला गेंडा आहे. आत गेंड्याची गोष्ट काही सापडेना. मग मी माझ्या माहितीची गोष्ट सांगितली. या गेंड्याला शिंग एकच, आणि आता तो साऱ्या जगात जावा बेटाच्या टोकाला एकाच रानात उरला आहे. तीन संध्याकाळी तीच गोष्ट. चौथ्या दिवशी तिने विचारले, "तो एकटा आहे हे त्याला माहितीय का?" तात्पर्याच्या चौकटीने मुलाकडून असा प्रश्न काढून दाखवावा!

संगणकवाल्यांच्या पुस्तकाची परीक्षा मी बाहेरूनच करतो, कारण आत मला कळत नाही. नावात आवृत्तीचा आकडा असेल तर ते पुस्तक म्हणजे दूध; आजचे आज संपवायचे. ज्याला ते हवे असेल तो स्वतःच घेतो, आणि पुष्कळदा तीच माहिती त्या यंत्रावर फुकट असते. भेट द्यायचे ते मुरणारे हवे. फ्रेड ब्रुक्स यांचे 'द मिथिकल मॅन-मंथ' १९७५ चे आहे. हे गृहस्थ आयबीएम कंपनीत एका प्रचंड कामाचे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे की रखडलेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसातली बोलणी वाढतात. हे मी हिला सांगितले तर ही म्हणाली, "त्यात काय? सोऱ्या एकच असला तर चार बायका आल्या म्हणून चकल्या लवकर होतात होय?" डोनाल्ड नूथ यांचा ग्रंथ फार मानाचा, पहिला खंड १९६८ चा आणि सगळे खंड अजून पुरे व्हायचे आहेत. त्यांत चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट बक्षीस देत आले. पण तो गणिताचा डोंगर आहे. मागितल्याशिवाय कोणाला देऊ नये. दिल्यास ती पुन्हा आपली हौस होते.

हे सगळे ठीक. पण चिरंजिवांच्या मनातले ते वाक्य माझ्या मनातून जाईना. २०२४ च्या दिवाळीपूर्वी एका दुकानात चार्ल्स पेटझोल्ड यांचे 'कोड' हाती लागले. मूळचे १९९९ चे, ही २०२२ ची दुसरी आवृत्ती. सवयीने पहिले प्रकरण उघडले आणि उभा राहिलो तो राहिलोच. रात्री झोपायच्या वेळी समोरासमोरच्या खिडक्यांतून बॅटरीच्या उजेडाने एकमेकांशी बोलू पाहणारी दोन मुले. आणि पुढे, मोर्सची लिपी! आमची कडकट्ट! २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा ती विद्या माझ्यापुरती संपली, असे मी धरून चाललो होतो. इथे हा माणूस तिच्यावरून ब्रेलवर, ब्रेलवरून दिवे आणि रिले यांवर, आणि तिथून थेट संगणकाच्या पोटात नेत होता. तारेच्या रिलेवर मी वर्षे काढलेली आहेत. म्हणजे चिरंजिवांच्या यंत्राचा पूर्वज आमच्या टेबलावर बसत होता तर!

पाडव्याला पुस्तक देताना मी म्हणालो, "हे मला वाचायचं आहे. माझं इंग्रजी अडेल तिथे तू सांग." चिरंजिवांनी पाने चाळली, मोर्सच्या कोष्टकाशी थांबले आणि लहानपणी विचारीत तसे विचारले, "बाबा, हे सगळं तुम्हाला अजून पाठ आहे?"

तेव्हापासून रविवारी रात्री आम्ही दोघे वाचतो. वर्ष झाले, निम्म्यावर आलो आहोत. रिलेच्या प्रकरणात मी त्यांना शिकवले, पुढे ते मला शिकवीत आहेत. कचेरीतले काही ते मधूनच सांगतात, मी विचारीत नाही.

इरालाही सोडून चालत नाही. परवा दिवे मालवून ती आणि तिचा बाबा गच्चीकडच्या दाराशी बसले, मी बोळाच्या या टोकाला देवघरापाशी. आधी दोन आखूड उजेड आले. मग आखूड, लांब, आखूड. मग आखूड, लांब. इंग्रजीत 'इरा' अगदी शुद्ध आले. मी उलट उत्तर पाठवले. मग तिकडून एक लांबच लांब उजेड सुरू झाला तो थांबेचना. मी ओरडून विचारले, "अगं, हे कुठलं अक्षर?"

"अक्षर नाहीये, आजोबा," ती तिकडून म्हणाली. "बाबा पुढचं पान वाचतोय. मी त्याला उजेड धरलाय."