नदीचा हक्क : मिसिसिपीचा धडा, गोदावरीचा प्रश्न

पिंगळी (जि. परभणी) : गोदावरी खोऱ्यात परभणी जिल्ह्याचे स्थान मोठे अडचणीचे आहे. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा जिल्ह्यापर्यंत येतो. पण त्या धरणात पाणी यायचे ते वरच्या नाशिक-अहिल्यानगरकडून. त्यामुळे कागदावर मिळालेला वाटा वेळेवर शिवारात पोचेल का, हाच पिंगळीसारख्या गावांपुढचा खरा प्रश्न आहे.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेपुढेही असाच पेच होता. केंटकी-टेनेसीच्या शेतकऱ्यांचा माल मिसिसिपी नदीतून न्यू ऑर्लिन्स बंदरात जाई; नदीचे मुख मात्र स्पेनच्या ताब्यात होते. १७८४ मध्ये स्पेनने अमेरिकी नौकांची वाट अडवली. थॉमस पिंकनी यांनी १७९५ मध्ये केलेल्या तहाने नौकानयनाचा हक्क मिळाला. त्यातील मोलाचे कलम दुसरेच होते : न्यू ऑर्लिन्समध्ये माल उतरवून ठेवण्याची तीन वर्षांची सवलत. वखारीवाचून नदीचा हक्क व्यर्थ, हे मुत्सद्द्यांनी ओळखले होते. १८०२ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्याने ही सवलत रद्द करताच खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी, तोवर फ्रान्सकडे गेलेला लुइझियाना प्रांत अमेरिकेने विकत घेतला.

तेथे किल्ली नदीच्या मुखाशी होती. गोदावरीत ती उगमाकडे आहे. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे निकष जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने ठरले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. तरीही २०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला आणि विरोध व न्यायालयीन वादांत ते प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर रब्बीच्या पेरण्यांचा हंगाम सरत आला होता.

नदीच्या खालच्या अंगाला, नांदेड जिल्ह्यातील बाभळी बंधाऱ्याचे चित्र वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागते आणि देखरेखीसाठी त्रिसदस्यीय समिती आहे. या अटी महाराष्ट्राला जाचक वाटतात. मात्र खालच्या राज्याला आपल्या हक्काचे पाणी कोणत्या दिवशी मिळणार, हे आधीच ठाऊक असते.

परराज्याला मिळालेली ही हमी राज्यातल्याच मराठवाड्याला का नसावी? पाणी सोडण्याचा दिवस आणि तो चुकल्यास जबाबदार कोण, हे आदेशातच लिहिले गेले, तर पिंगळीच्या शेतकऱ्याला पेरणीचा निर्णय न्यायालयाच्या तारखांवर सोपवावा लागणार नाही.