मेंढपाळाची पोर

एलिझाबेथ मून यांच्या ‘शीपफार्मर्स डॉटर’ या कादंबरीपासून सुरू होणाऱ्या त्रयीचा शेवट पहिल्या दोन पानांतच कळून चुकतो. डोंगरातल्या एका मेंढपाळाच्या बैठ्या दगडी घरात, शेकोटीच्या वर दोन तलवारी टांगलेल्या आहेत. एक आजोबांच्या वेळची, थोडी वाकलेली. दुसरी सरळ, धारदार, अस्सल पोलादाची. या घरातून पळून गेलेली मुलगी मोठी योद्धा झाली, हे सांगायला ती दुसरी तलवार पुरेशी आहे.

पुढची गोष्टही ओळखीचीच. बाप डुकरं पाळणाऱ्याच्या मुलाशी लग्न ठरवतो, पॅक्सेनॅरिअन, म्हणजे पॅक्स, नकार देते, आजोबांची तलवार घेऊन घर सोडते आणि ड्यूक फेलनच्या भाडोत्री फौजेत भरती होते. मग लढाया, जिवलगांचे मृत्यू, खडतर परीक्षा आणि शेवटी देवांनी निवडलेली वीरांगना. अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्याला यातलं एकही वळण नवं वाटणार नाही. तरीही 1988 आणि 1989 मध्ये आलेली ही तीन पुस्तकं मला या जातीच्या लेखनातली सर्वांत चांगली वाटतात.

मून 1968 मध्ये अमेरिकेच्या मरीन कोरमध्ये दाखल झाल्या होत्या, आणि पहिल्या पुस्तकाच्या पानापानांत ते जाणवतं. पॅक्सला सुरुवातीला तलवार चालवायला मिळतच नाही. तिला पावलात पाऊल मिसळून चालायला शिकवतात, फरशी घासायला लावतात, मुक्कामाच्या जागी शौचासाठी चर खणायला लावतात. सार्जंट स्टॅमेलचा आवाज ऐकून अंग आपोआप ताठ व्हावं, इतकी कवायत चालते. हात लाकडी शस्त्रावर तयार होतो, खरं पातं नंतर येतं. तिच्या जन्माबद्दल कुणी भविष्य वर्तवलेलं नाही, तिच्या रक्तात राजवंश दडलेला नाही. ती उंच आहे, काटक आहे, आणि सांगितलेलं काम पुरं करते. अलीकडच्या अशा कितीतरी कादंबऱ्यांत नायिकेची तालीम एका प्रकरणात उरकते, मग आतली कसलीशी शक्ती जागी होते आणि जग तिच्यापुढे वाकतं. मला ते वाचवत नाही. शिपाई कसा घडतो हे ज्याला सांगायचं आहे, त्याने भिजलेले बूट आणि रात्रीचा पहारा गाळू नये.

या फौजेत बायका पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या असतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मून स्वतः गणवेशात होत्या तेव्हा मरीन कोरमधल्या बायकांना लढाईच्या तुकडीत जागा नव्हती. अमेरिकेने ही बंदी उठवण्याचा निर्णय जाहीर केला तो 2013 मध्ये. आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ती मे 2025 मध्ये, सतराजणी होत्या. गरीब घरातला मुलगा पराक्रमाने मोठा होतो, ही गोष्ट शतकानुशतकं सांगितली गेली आणि ती ठरावीक आहे म्हणून कुणी हिणवली नाही. तीच गोष्ट मुलीची झाली, की लगेच ठोकळेबाजपणाची तक्रार का यावी? मुलींच्या वाट्यालाही असा ठरलेला विजय पुष्कळदा यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पण या त्रयीचं खरं बळ दुसऱ्या भागात, ‘डिव्हायडेड अलिजिअन्स’मध्ये आहे. शत्रूच्या कैदेत पॅक्सला जमिनीखालच्या आखाड्यात पुन्हा पुन्हा लढायला लावतात आणि तिथलं विष तिच्या मनात भिनतं. ते काढताना तिचं धैर्यही निघून जातं. जिने किल्ल्यांचे वेढे पाहिले, ती आता मोठ्या आवाजाने दचकते. घोड्याची भीती वाटते. हातात तलवार धरवत नाही. थंडीत ती गावोगाव पोटासाठी मिळेल ते काम करत फिरते, आणि गावातले टारगट तिला मारतात तेव्हा हात उचलायचंही बळ नसतं. ही पानं मून यांनी घाईने उरकलेली नाहीत. शेवट ठाऊक असूनही मला इथे धीर धरवला नाही.

तिसऱ्या भागात, ‘ओथ ऑफ गोल्ड’मध्ये, रानात राहणारा एक साधक तिला बरं करू लागतो. त्याच्याकडे मंत्राने परत देण्यासारखं धैर्य नसतं. भीती अंगात असतानाच काय करता येतं, हे ती हळूहळू शिकते. पुढे ती लोकांचं रक्षण करायला उभी राहते तेव्हा दुबळ्या माणसाला काय वाटतं हे तिला अनुभवाने माहीत असतं, आणि तिच्या जवळचे जाणतेही ते तिचं सामर्थ्य मानतात.

पुस्तकं क्रमानेच वाचावीत. आणि दुसरं हाती घेण्याआधी तिसरं घरात आणून ठेवावं. पॅक्सला त्या थंडीत सोडून पुस्तक मिटणं फार जड जातं.