घरात पिस्तूल आले, चावी कुणाकडे?

बीड, केज, अंबाजोगाई, माजलगाव या भागातून येणाऱ्या पत्रांत आणि भेटीगाठींत हल्ली आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "आपल्या माणसांनीही रीतसर परवाना काढून घरात पिस्तूल ठेवावे काय?" विचारणाऱ्यांत शिक्षक आहेत, निवृत्त जवान आहेत, गावापासून दूर शेतात घर बांधून राहणारे शेतकरी आहेत. प्रश्न कुटुंबाच्या सुरक्षिततेचा आहे, म्हणून कुटुंबाच्या या पानावरच त्याचा विचार करणे आम्हास योग्य वाटते.

हा प्रश्न उगाच निर्माण झालेला नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांचा खून करण्यात आला. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या बंदुकांची चर्चा राज्यभर झाली. कमरेला पिस्तूल लावून मिरवणारे आणि हवेत गोळ्या झाडणारे लोक चित्रफितींतून घरोघरी दिसले. जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचा आकडा त्याच महिन्यात वर्तमानपत्रांत छापून आला. पुढच्या काही महिन्यांत प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. यातून एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. एवढे परवाने असलेल्या जिल्ह्यात निवडून आलेला सरपंच भरदिवसा रस्त्यावरून उचलून नेला गेला. बंदुकांच्या संख्येने येथे कुणाचे रक्षण झाले नाही.

आमच्या परिचयातील एका निवृत्त जवानाने परवाना मिळाल्यावर कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ बोअरचे नवे रिव्हॉल्व्हर आणले. ते पाहण्याचा योग आम्हाला आला. प्रथम त्यांनी ते उघडून सहाही घरे रिकामी असल्याचे दाखवले, मगच आमच्या हाती दिले. दिसायला तळहाताएवढी वस्तू, पण हातात घेताच मनगटाला तिचे वजन कळते. नळी जेमतेम तीन इंचांची. घोडा ओढायला बोटात चांगलाच जोर लागतो आणि तो ओढताना नळीचे तोंड हलते. चित्रपटातला नायक धावता धावता नेम धरतो, तसे येथे काही होत नाही.

जवान म्हणाले, "दादा, फौजेत मी उभा जन्म रायफल चालवली. पण असलंच रिव्हॉल्व्हर शिकताना झाडलं, तर पंधरा पावलांवरचा नेम चुकला. अंधारात, झोपेतून उठून, छाती धडधडत असताना काय व्हायचं?"

त्यांच्या पत्नी इतका वेळ दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, "ते सगळं खरं हो. पण कपाटाची चावी कुणाकडं राहणार?"

आमच्या मते सगळा प्रश्न या एका वाक्यात आला. शस्त्र रिकामे करून, गोळ्या वेगळ्या ठेवून कुलपात बंद केले, तर घर सुरक्षित राहते. पण दारावर कुणी चालून आले तर चावी शोधून, कपाट उघडून, गोळ्या भरेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. तेच भरलेले शस्त्र उशाशी ठेवले, तर ते नातवाच्या हाती लागण्याची भीती. घरात कुणी दारू पिणारे असेल, कुणी निराशेत असेल, नवरा-बायकोचे भांडण विकोपाला गेले असेल, तर ते शस्त्र चोराआधी घरातल्याच माणसावर उठू शकते. ज्या घरात बाईवर हात उठतो, त्या घरात पिस्तूल आल्याने बाईची सुरक्षितता वाढत नाही. जानेवारी २०१४ मध्ये खास महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर कानपूरला निघाले. त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भगिनींना तळावरच्या कोपीत ते परवडणार कसे, आणि त्या कोपीला दार तरी कुठे असते की ते कुलपात राहील?

तरीही ज्यांना परवाना काढायचाच आहे, त्यांनी कायदा नीट समजून घ्यावा. सामान्य नागरिकाला .३२ किंवा .२२ बोअरचे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मिळू शकते. ९ मि.मी. आणि .३८ ही बोअर त्याच्यासाठी निषिद्ध आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. याच दुरुस्तीने वरातीत वा मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. गावात ताण असतो नेमका त्याच दिवसांत, आणि तेव्हा शस्त्र घरी नसते.

आता आमच्या समाजाशी थेट संबंध असलेली बाब. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यांतील नियम ३ मध्ये अशी तरतूद आहे की, जेथे अत्याचाराचा संभव आहे त्या भागात आवश्यक वाटल्यास शासनाने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत. आमच्या सभांतून ही तरतूद टाळ्या घेऊन जाते, आणि ते स्वाभाविक आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे हात रिकामे ठेवले, त्यांचा शस्त्राचा अधिकार कायद्याने मान्य केला, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही.

पण हा उपखंड पाचवा आहे. त्याच्या आधी तिसरा आणि चौथा येतो, त्यांचे वाचन कुणी करीत नाही. तिसरा सांगतो की, अशा भागात आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरील व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातलगांचे, नोकरांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. चौथा सांगतो की, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात. कायदा करणाऱ्यांनी जो क्रम लावला आहे तो विचार करण्याजोगा आहे. प्रथम दहशत घालणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढून घ्या, मग गरज उरलीच तर दुबळ्याच्या हाती द्या. बीडमध्ये प्रशासनाने मनावर घेतले तेव्हा शंभरावर परवाने रद्द होऊ शकले. मग गावातला जो माणूस पिस्तूल दाखवून वस्तीला धाक घालतो, त्याच्या परवान्याविषयी लेखी अर्ज का करू नये? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असा नियम आहे. आपल्या तालुक्याचा विषय त्या बैठकीत गेला काय, हे कार्यकर्त्यांनी विचारावे. एका घराने लाखभर रुपये खर्चून एक रिव्हॉल्व्हर आणले, तर रक्षण झाले तरी एका घराचे. दहशत घालणाऱ्याचा परवाना गेला तर सगळी वस्ती मोकळा श्वास घेते.

कुणी म्हणेल, मग आमच्या मुलांनी बंदुकीला हातच लावू नये काय? अवश्य लावावा, पण मैदानावर. कोल्हापूरची राही सरनोबत शाळेतल्या एनसीसीतून नेमबाजीकडे वळली. २०१३ मध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिने विश्वचषक स्पर्धेचे सुवर्णपदक घेतले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेतही त्याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. दहा मीटरच्या एअर पिस्तूल प्रकारात लक्ष्याचे मधले वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. एका हाताने, श्वास आवरून तेथे नेम साधावा लागतो. नवे पिस्तूल हाती आलेल्या मुलाला तेथे पहिला धडा मिळतो तो गोळी झाडण्याचा नव्हे. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळवायचे नाही, आज्ञा झाल्याखेरीज शस्त्र उचलायचे नाही, खाली ठेवताना ते रिकामे असल्याचे दाखवायचे, हे आधी शिकवतात. वरातीत गोळ्या झाडणाऱ्यांना हा धडा कुणी दिलेला नसतो. ज्या शाळा-महाविद्यालयांत एनसीसी आहे, तेथे आपल्या मुला-मुलींची नावे पालकांनी जरूर घालावीत.

घराच्या रक्षणासाठी मात्र आमची सूचना साधी आहे. दाराला आतून भक्कम अडसर, अंगणात दिवा, शेजाऱ्याशी बोलणे-चालणे, आणि ११२ हा क्रमांक घरातल्या लहानमोठ्या सर्वांना पाठ. धमकी आली तर ती तोंडी सोडून देऊ नये, तारखेनिशी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. एवढे करूनही ज्यांना शस्त्र घ्यावेसे वाटते, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांना, विशेषतः गृहिणीला जवळ बसवून विचारावे. चावी कुणाकडे राहील, याचे उत्तर घरातल्या सर्वांना पटले नाही तर अर्ज भरू नये.

या विषयावर भगिनींनी आपले मत आम्हास अवश्य कळवावे. जयभीम.