अंगणातली हरणं

मंडळी, न्यू जर्सीत नवीन आलेलं कुटुंब ओळखायचं कसं? मागच्या अंगणात हरीण दिसलं की ते कॅमेरा शोधतं. पाच वर्षं मुरलेलं कुटुंब टाळ्या वाजवत हाकलायला धावतं, कारण ट्यूलिपच्या कळ्या आणि गुलाबाचे कोंब एका रात्रीत फस्त! सीतामाईला मोह पडला तो सोन्याच्या हरणाचा. ही पांढऱ्या शेपटीची जात रोज दारात आली असती तर तिनेही दार लावून घेतलं असतं.

पण नवलाई संपली तरी लक्ष असू द्या. हरणांच्या वावराबरोबर गोचीड येते. तिच्या चाव्याने होणाऱ्या आजाराला कनेक्टिकटमधल्या लाइम गावाचं नाव पडलंय. गंमत म्हणजे जंतू ती घेते बहुधा उंदरांकडून. हरीण बिचारं तिला पोसतं फक्त. मे ते जुलै तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. मुलं गवतात खेळून आली की गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघाच. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी वगैरे घरगुती उपाय नकोत.

आणि नोव्हेंबरात, त्यांच्या माजाच्या दिवसांत, संध्याकाळी गाडी जपून चालवा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तरी वेग वाढवू नका, मागून दुसरं येत असतं.